३२ टक्क्यांचा अर्थ : ‘द पोकेमॉन कंपनी’ या संयुक्त उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

शुक्रवार, २२ जुलै २०१६ रोजी ‘पोकेमॉन गो’ हा, रस्त्यांवर हिंडत फोनच्या पडद्यावर ‘पोकेमॉन’ नावाचे काल्पनिक प्राणी पकडण्याचा मोबाइल गेम जपानमध्ये उपलब्ध झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो त्याआधी साधारण दोन आठवडे सुरू झाला होता आणि तेवढ्या अवधीत टोकियोच्या शेअर बाजारात निंटेंडो या जपानी गेम कंपनीच्या शेअरचा भाव जवळपास दुप्पट झाला होता. एका दिवशी तर निंटेंडोचे बाजारमूल्य सोनीच्याही पुढे गेले. शुक्रवारचा बाजार बंद झाल्यावर निंटेंडोने एक छोटे निवेदन काढले. हा गेम नायँटिक या अमेरिकी कंपनीने तयार केला असून तीच त्याचे वितरण करते, पोकेमॉनचे हक्क ‘द पोकेमॉन कंपनी’कडे असून तिला परवाना शुल्क आणि विकास व संचालनातील सहकार्याचा मोबदला मिळेल, या कंपनीत आपले मतहक्क ३२ टक्के आहेत, त्यामुळे आपल्या एकत्रित आर्थिक निकालांवर होणारा परिणाम मर्यादित राहील, असा त्याचा आशय होता. सोमवारी, २५ जुलैला, निंटेंडोचा शेअर सुमारे १८ टक्क्यांनी कोसळला. त्या दिवसापुरती जितकी घसरण बाजाराच्या नियमांत बसत होती, तितकी ती झाली.

या निवेदनात गुप्त असे काहीही नव्हते. ‘द पोकेमॉन कंपनी’ ही आपली सहयोगी कंपनी आहे, उपकंपनी नव्हे, म्हणजे तिच्यात आपला वाटा आहे पण ताबा नाही, हे निंटेंडोच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे छापले जात होते. तरीही जगभरच्या गुंतवणूकदारांनी ‘पोकेमॉन म्हणजे निंटेंडो’ हे समीकरण गृहीत धरून दोन आठवडे खरेदी केली. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात संयुक्त उपक्रम पुष्कळ निघतात आणि बहुतेक थोड्या वर्षांत विरून जातात. हा उपक्रम मात्र १९९८ पासून टिकून आहे आणि तरीही त्याची रचना बाहेरच्यांना इतकी कमी समजते, म्हणून तो बारकाईने पाहण्याजोगा वाटतो.

तीन भागीदार

पहिला भागीदार गेम फ्रीक. टोकियोच्या परिसरातील माचिदा या उपनगरात वाढलेले सातोशी ताजिरी यांनी १९८३ मध्ये याच नावाचे एक हौशी नियतकालिक सुरू केले. त्यात आर्केडमधील गेम कसे जिंकावेत याच्या युक्त्या असत. चित्रकार केन सुगिमोरी याच नियतकालिकाच्या निमित्ताने त्यांना येऊन मिळाले. १९८९ मध्ये त्याची कंपनी झाली. त्याच वर्षी निंटेंडोचा गेम बॉय हे हातात धरून खेळायचे गेम-यंत्र बाजारात आले. दोन गेम बॉय एका केबलने जोडता येतात हे पाहून ताजिरींना लहानपणी पकडलेले किडे आठवले आणि या यंत्रातला प्राणी केबलमधून त्या यंत्रात जाईल ही कल्पना सुचली. पुढे निघालेल्या सगळ्या व्यवसायाच्या मुळाशी ही देवाणघेवाणच आहे. कल्पना १९९० मध्ये निंटेंडोकडे मांडली गेली; गेम दुकानात यायला मात्र २७ फेब्रुवारी १९९६ उजाडला. मधल्या सहा वर्षांत गेम फ्रीकने इतर कामे घेऊन पोट भरले, आर्थिक ओढाताण सोसली आणि काही सहकारी गमावले.

दुसरा भागीदार क्रिएचर्स. या कंपनीचे नाव बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही, पण या प्रकरणातले सर्वांत निर्णायक पात्र तिच्यातूनच आले. लेखक शिगेसातो इतोई यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या एप या कंपनीची ती वारस. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्सुनेकाझु इशिहारा यांनी तिची स्थापना केली आणि त्या कामी त्यांना पुढे निंटेंडोचे अध्यक्ष झालेल्या सातोरु इवाता यांची मदत झाली. रखडलेल्या पोकेमॉनच्या निर्मितीमागे निर्माता म्हणून इशिहारा उभे राहिले आणि त्या बदल्यात क्रिएचर्स हक्कांची भागीदार झाली. इशिहारा पत्त्यांच्या खेळांचे जाणकार असल्यामुळे गेम बाजारात आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोकेमॉनची पत्ते-मालिकाही जपानमध्ये आली. हे पत्ते आजही क्रिएचर्सच तयार करते.

तिसरा भागीदार निंटेंडो : यंत्राचा मालक, प्रकाशक आणि तिघांतला एकमेव बलाढ्य. निंटेंडोचे गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या सूचनेवरून गेमच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या निघाल्या आणि एका आवृत्तीतले काही प्राणी दुसरीत मिळेनात. सर्व प्राणी गोळा करायचे तर मित्राकडे जाण्यावाचून उपाय उरला नाही.

या तिघांचे संबंध खरेदीदार आणि विक्रेत्याचे नव्हते. त्याची साक्ष इवातांच्या कामात मिळते. त्या काळात ते निंटेंडोचे कर्मचारी नव्हते. यामानाशी येथील एचएएल लॅबोरेटरी या कंपनीचे ते अध्यक्ष होते. तरीही पोकेमॉनच्या मूळ आज्ञावलीचा अभ्यास करून परदेशी आवृत्ती कशी काढता येईल याची वाट त्यांनी शोधून दिली. पुढे निंटेंडो ६४ या गेम-यंत्रावरच्या गेमसाठी लढतींची यंत्रणा त्यांनी आठवडाभरात त्या यंत्रावर आणली, हे पाहून गेम फ्रीकचे प्रोग्रामर चकित झाले होते. कागदावरच्या कोणत्याही करारात न बसणारे असे काम झालेले असल्यामुळे पुढचा करार सोपा झाला असावा, असे मला वाटते.

कंपनी का काढावी लागली

१९९६ च्या अखेरीस पोकेमॉन हा केवळ गेम राहिला नव्हता. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘कोरोकोरो कॉमिक’ मासिकाने त्याला उचलून धरले होते. १ एप्रिल १९९७ पासून टीव्ही टोकियोवर ॲनिमेशन मालिका सुरू झाली. खेळणी, बिस्किटे, दप्तरे, कपडे अशा मालासाठी परवानगी मागणारे दारात उभे राहू लागले. परवानगी द्यायची कुणी? हक्क तिघांचे होते; त्यात मालिकेचे हक्क तर आणखी वेगळे, कारण तिच्यात टीव्ही टोकियो, शोगाकुकानची शोप्रो ही कंपनी आणि जेआर किकाकु ही जाहिरात कंपनी यांचाही वाटा होता. आजही मालिकेच्या शेवटी येणाऱ्या हक्कदारांच्या ओळीत सहा नावे दिसतात.

जपानमध्ये अशा वेळी ‘निर्मिती समिती’ नेमण्याची रूढ पद्धत आहे. चित्रपट किंवा मालिका काढताना वाहिनी, प्रकाशक, खेळणी उत्पादक, जाहिरात कंपनी असे सर्वजण पैसे घालून समिती बनवतात आणि हक्क वाटून घेतात. एका चित्रपटापुरती ही सोय उत्तम चालते, कारण धोका विभागला जातो. पण समितीला स्वतःचे कर्मचारी नसतात, पूर्णवेळ कामाचा पत्ता नसतो आणि कोणताही निर्णय सर्वांच्या संमतीखेरीज पुढे सरकत नाही. पंधरा-वीस वर्षे जपायच्या नावासाठी ही रचना अपुरी पडते.

त्यात १६ डिसेंबर १९९७ ची घटना घडली. त्या संध्याकाळच्या भागात लाल आणि निळा प्रकाश वेगाने आलटून पालटून चमकणारे एक दृश्य होते. ते पाहून मुलांना झटके आले, मळमळ झाली, चक्कर आली आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. संकट मालिकेतून उद्भवले होते, पण दुकानांत, बातम्यांत आणि पालकांच्या मनात बदनाम झाले ते ‘पोकेमॉन’ हे नाव, म्हणजे गेमही आणि पत्तेही. एका शाखेतली चूक सगळ्या झाडाला भोवते, हे तिन्ही मालकांनी तेव्हा प्रत्यक्ष अनुभवले.

मालिका १६ एप्रिल १९९८ रोजी परत सुरू झाली. त्याच महिन्यात निंटेंडो, क्रिएचर्स आणि गेम फ्रीक यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली आणि तिचे नाव ‘पोकेमॉन सेंटर’ ठेवले. काम नावातच होते : टोकियोच्या निहोनबाशी भागात पोकेमॉनच्या अधिकृत मालाचे एक दुकान चालवणे. इशिहारा तिचे अध्यक्ष झाले. ऑक्टोबर २००० मध्ये नाव बदलून ‘द पोकेमॉन कंपनी’ झाले आणि दुकानाच्या जोडीला परवाने, प्रसिद्धी, मालावरची देखरेख ही सर्व कामे तिच्याकडे आली.

दुकानापासूनची ही सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. संयुक्त उपक्रमाच्या करारात सर्वांत मोठे भांडण प्रायः पहिल्याच पानावर होते : उपक्रमाचा उद्देश काय. उद्देश मोठा लिहिला की प्रत्येक भागीदाराला आपला मूळ धंदा त्यात गिळला जाण्याची भीती वाटते. इथे तिघांनी आधी एक दुकान काढले. निंटेंडोचे प्रकाशन, गेम फ्रीकचे गेम बनवणे, क्रिएचर्सचे पत्ते यांना त्या दुकानाने धक्का लावला नाही. एकत्र हिशेब ठेवण्याची, एकमेकांच्या माणसांशी रोज बोलण्याची सवय झाल्यावर दोन-अडीच वर्षांनी अधिकार वाढवले गेले.

३२ टक्क्यांत काय येते आणि काय येत नाही

जपानच्या कंपनी कायद्यानुसार नियमावली बदलणे, विलीनीकरण करणे अशा मोठ्या निर्णयांना भागधारकांच्या सभेत दोन तृतीयांश मतांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त मते ज्याच्या हाती असतील, तो असा ठराव एकटा अडवू शकतो. निंटेंडोचे थेट मतहक्क ३२ टक्के आहेत, म्हणजे त्या रेषेच्या किंचित खाली. एवढ्या बलाढ्य कंपनीने आपल्या सर्वांत मौल्यवान नावाच्या बाबतीत एकट्याने नकार देण्याइतकेही मतबळ स्वतःकडे थेट ठेवलेले नाही, हे पहिल्यांदा वाचताना नवल वाटते.

नवल कमी होते ते इतर हक्क कुणाकडे आहेत हे पाहिल्यावर. अनेक देशांत पोकेमॉनची व्यापारचिन्हे निंटेंडोच्या नावावर नोंदलेली आहेत. कॉपीराइट तिघांचा आहे. प्रत्येक डबीवर ‘१९९५’ या वर्षापुढे तिघांचीही नावे असतात. मुख्य मालिकेतला प्रत्येक गेम आजवर निंटेंडोच्याच यंत्रावर आला असून जपानबाहेर त्याचे प्रकाशन निंटेंडोच करते. त्यामुळे असा गेम विकला गेला की निंटेंडोला प्रकाशक म्हणून पैसे मिळतात आणि त्याच गेमसाठी ग्राहक यंत्रही विकत घेतो. भागधारक म्हणून मिळणारा नफा हा तिसरा आणि तुलनेने लहान ओघ. अर्थात निंटेंडोची सत्ता ३२ टक्क्यांवर उभी नव्हतीच. ती यंत्रावर आणि प्रकाशनावर उभी होती.

‘पोकेमॉन गो’च्या वेळी नेमके हेच दोन आधार गैरहजर होते. गेम चालत होता तो ॲपल आणि गूगलच्या प्रणालीवरच्या फोनवर. खेळाडूने शंभर रुपयांची खरेदी केली तर त्यातले साधारण ३० रुपये आधी या दोघांच्या ॲप-दुकानांचे. उरलेल्यातून नायँटिकचा खर्च आणि नफा. मग परवाना शुल्क पोकेमॉन कंपनीकडे. तिचा खर्च आणि कर वजा झाल्यावर जो निव्वळ नफा उरेल त्याच्या ३२ टक्क्यांची नोंद निंटेंडोच्या हिशेबात, तीही विक्रीच्या रकान्यात नव्हे तर सहयोगी कंपनीच्या नफ्यातला वाटा म्हणून. दोन आठवडे भाव चढवणाऱ्यांनी या साखळीतली पहिली आणि शेवटची कडी एकच मानली होती. नायँटिकमध्ये निंटेंडोची थोडी थेट गुंतवणूकही होती. गूगल, पोकेमॉन कंपनी आणि निंटेंडो यांनी मिळून ऑक्टोबर २०१५ मध्ये ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे जाहीर केले होते. पण तिच्यामुळे चित्र बदलण्यासारखे नव्हते.

खरा लाभ झाला तो संयुक्त उपक्रमाला. पोकेमॉन कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा आदल्या वर्षी ६० कोटी येनांपेक्षा कमी होता. फेब्रुवारी २०१७ ला संपलेल्या वर्षात तो १,५०० कोटी येनांच्या वर गेला.

या गेमचा भारताशी आलेला संबंधही याच साखळीतला आहे. तो इथे अधिकृतपणे येण्याआधीच मुंबई-पुण्यात लोक फोन हातात धरून रस्त्यांवर हिंडत होते. अधिकृत आगमन झाले ते डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओच्या सहकार्याने, आणि जिओची व रिलायन्सची हजारो दुकाने खेळातली ठिकाणे बनली. त्याआधी जपानमध्ये मॅकडॉनल्ड्सच्या शाखांबाबत हाच प्रकार झाला होता. गेम अमेरिकी कंपनीचा, परवाना जपानी संयुक्त उपक्रमाचा आणि ठिकाणे नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या दूरसंचार कंपनीची, अशी ती मांडणी होती. मार्च २०२५ मध्ये नायँटिकने आपला गेम-व्यवसाय ३५० कोटी डॉलरना स्कोपली या सौदी मालकीच्या समूहातील कंपनीला विकण्याचे जाहीर केले. गेम चालवणारा बदलला, पण पोकेमॉनचे हक्क होते तिथेच राहिले.

जो करार फसला होता

निंटेंडोला भागीदारी सहज जमते असा समज होऊ नये म्हणून एक जुने प्रकरण आठवावे लागते. १९८८ मध्ये निंटेंडो आणि सोनी यांनी सुपर निंटेंडो या गेम-यंत्राला सीडी-रॉमची जोड देण्याचा करार केला होता. करारातील तरतुदींमुळे सीडीवरील गेमच्या परवान्यांवर सोनीचे नियंत्रण येणार होते. ही गोष्ट निंटेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना मान्य होणे शक्य नव्हते, कारण परवाने हाच त्यांच्या धंद्याचा कणा होता. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने आपल्या यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने सीडीसाठी फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. उघड्यावर झालेल्या या अपमानातून सोनीचा स्वतःचा प्लेस्टेशन जन्मला आणि डिसेंबर १९९४ मध्ये बाजारात आला. तो काढण्यासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेली सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट हीसुद्धा सोनी आणि तिची संगीत कंपनी यांनी मिळून काढलेली कंपनी होती.

दोन्ही करारांत निंटेंडो तीच, अध्यक्षही तेच यामाउची. फरक होता तो वाटून काय घेतले जाणार यात. सोनीबरोबरच्या करारात यंत्रावर गेम कुणी काढावा हा अधिकारच हातातून जात होता आणि समोरचा पक्ष उद्या प्रतिस्पर्धी होण्याइतका समर्थ होता. पोकेमॉनमध्ये जे वाटले गेले ते यंत्राच्या बाहेरचे होते. शिवाय गेम फ्रीक किंवा क्रिएचर्स उद्या यंत्र काढतील ही शक्यता नव्हती आणि निंटेंडोला ताजिरी-सुगिमोरींची कल्पनाशक्ती पैसे टाकून दुसरीकडून आणता येणार नव्हती. प्रत्येकाकडे दुसऱ्याजवळ नसलेली एक गोष्ट होती आणि कुणालाही दुसऱ्याची गोष्ट हिसकावून चालवता आली नसती. माझ्या समजुतीप्रमाणे या उपक्रमाच्या दीर्घायुष्याचे कारण इथे आहे. टक्केवारी त्याच्या मागून येते.

परदेशातून परत घेतलेले काम

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये पोकेमॉन अमेरिकेत गेला तेव्हा नव्या कंपनीकडे तिथे ना माणसे होती ना अनुभव. मालिकेचे इंग्रजीकरण आणि मालाचे परवाने फोर किड्स एंटरटेनमेंटने सांभाळले. पत्ते १९९९ पासून विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढले. दोघांनीही अफाट काम केले आणि अफाट कमावले. पण याचा अर्थ असा होता की अमेरिकेतल्या मुलाला दिसणारा पोकेमॉन प्रत्यक्षात तीन मालकांपैकी कुणीही रोज हाताळत नव्हते.

२००१ मध्ये अमेरिकेत शाखा-कंपनी निघाली, २००३ मध्ये ब्रिटनमध्ये. २००३ मध्ये पत्त्यांचे काम विझार्ड्सकडून काढून घेऊन घरात आणले गेले. त्यावरून विझार्ड्सने दावा दाखल केला आणि तो तडजोडीने मिटला. मालिकेचे काम फोर किड्सकडून २००५ च्या अखेरीस संपवून पुढच्या वर्षापासून स्वतः पाहण्यास सुरुवात झाली आणि २००९ मध्ये या परदेशी शाखा ‘द पोकेमॉन कंपनी इंटरनॅशनल’ या नावाने एकत्र झाल्या. हे सर्व सुरू झाले तो काळ पोकेमॉनच्या पहिल्या लाटेच्या ओहोटीचा होता. ओहोटीत कामे बाहेर देऊन खर्च कमी करण्याचा मोह होतो. इथे उलट, बाहेर दिलेली कामे परत आणली गेली. तीन मालकांना वर्षाअखेरचा लाभांश तेवढा हवा असता तर हा निर्णय झाला नसता. याच वाटेने पुढे जात या शाखेने २०२२ मध्ये पत्ते छापणारा अमेरिकेतला छापखानाही, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातील मिलेनियम प्रिंट ग्रुप, विकत घेतला. त्याच्या आदल्या वर्षी पत्त्यांचा असा तुटवडा पडला होता की काही दुकानसाखळ्यांनी भांडणाच्या भीतीने विक्री थांबवली होती.

वेळापत्रकाचे ओझे

या रचनेची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न सोडून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. माझे उत्तर असे की ती गेम फ्रीकने मोजली, आणि तिच्यामार्फत खेळाडूंनी.

नवा गेम आला की त्यातले नवे प्राणी मालिकेत येतात, त्यांचे पत्ते निघतात, त्यांच्या बाहुल्या दुकानात लागतात. या सर्वांची तयारी अनेक महिने आधी सुरू झालेली असते. त्यामुळे गेमची तारीख ही एका गेमची तारीख राहत नाही. वाहिनी, छापखाना, खेळणी उत्पादक, दुकाने यांची ती सामाईक तारीख होते. एखाद्या स्वतंत्र स्टुडिओला आणखी सहा महिने मागण्याची जी सोय असते, ती इथे फार महाग पडते. १९९६ चा पहिला गेम सहा वर्षे रखडू शकला, कारण त्याची वाट कुणीच पाहत नव्हते.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ हे गेम आले. पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या. त्याच तीन दिवसांत जमिनीत रुतणारी पात्रे, अडखळणारी दृश्ये आणि मधेच बंद पडणारा गेम यांच्या चित्रफिती जगभर फिरल्या. त्याच वर्षी जानेवारीत गेम फ्रीकचा ‘लेजेंड्स : आर्सेउस’ हा मोठा गेम आला होता, म्हणजे एका वर्षात दोन. डिसेंबरमधील सुधारित आवृत्तीबरोबर निंटेंडोने कामगिरीतील त्रुटींबद्दल दिलगिरी व्यक्त केली. निंटेंडोच्या स्वतःच्या स्टुडिओंतले गेम पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकले जातात, हा त्या कंपनीचा नावलौकिक. तिनेच प्रकाशित केलेला हा गेम अशा अवस्थेत दुकानात यावा ही गोष्ट ताजिरींचा पहिला गेम प्रेमाने खेळलेल्या माणसाला लागल्यावाचून राहत नाही. विक्रीने मात्र कुणालाच शिक्षा केली नाही आणि म्हणून धोका अधिक आहे : ज्या भागीदाराकडे कलाकृती घडवण्याचे काम आहे, त्याच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळत नाही.

२०२४ मध्ये मुख्य मालिकेतला एकही नवा गेम आला नाही. पुढचा मोठा गेम ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. ते रिकामे वर्ष भरून काढले ते दुसऱ्या भागीदाराने. क्रिएचर्स आणि डीएनए या कंपनीने मिळून बनवलेला पत्त्यांचा मोबाइल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि त्याने प्रचंड कमाई केली. एकाला विसावा हवा असताना दुसऱ्याने गाडी ओढावी, हा संयुक्त उपक्रमाचा खरा उपयोग आणि तो इतक्या उशिरा झाला याची खंत वाटते.

खटला आणि उत्तराधिकार

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पालवर्ल्ड’ या गेमच्या पॉकेटपेअर कंपनीवर टोकियो जिल्हा न्यायालयात खटला भरला गेला. त्यातल्या प्राण्यांचे पोकेमॉनशी दिसण्यातले साम्य लोकांच्या तोंडी असले तरी दावा कॉपीराइटचा नाही, पेटंटचा आहे, आणि वादी दोनच आहेत : निंटेंडो आणि द पोकेमॉन कंपनी. कॉपीराइटच्या ओळीत ज्यांची नावे छापली जातात, त्या गेम फ्रीक आणि क्रिएचर्स वादी नाहीत. एका दुकानासाठी काढलेली कंपनी आता निंटेंडोच्या बरोबरीने पेटंटची मालक म्हणून न्यायालयात उभी आहे. प्रतिपक्षाकडेही पाहावे : खटल्याच्या दोन महिने आधी, जुलै २०२४ मध्ये, पॉकेटपेअरने जपानमधील सोनी म्युझिक आणि तिची ॲनिमेशन कंपनी अनिप्लेक्स यांच्यासह ‘पालवर्ल्ड एंटरटेनमेंट’ हा संयुक्त उपक्रम स्थापन केला. गेम वगळता मालाचे आणि परवान्याचे काम त्याच्याकडे आहे. पोकेमॉनला तीन मालकांची जी रचना उभी करायला गेम आल्यानंतर दोनहून अधिक वर्षे लागली, तिची प्रतिकृती इथे सहा महिन्यांत उभी राहिली.

या रचनेतला एक सांधा मात्र प्रतिकृतीत येत नाही. इशिहारा हे एका भागीदार कंपनीचे संस्थापक आणि तिघांच्या सामाईक कंपनीचे पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष आहेत. पुस्तकी नियमाने पाहिले तर हा हितसंबंधांचा संघर्ष. प्रत्यक्षात गेम फ्रीकची अडचण निर्माता म्हणून आतून पाहिलेला, पत्त्यांचा धंदा स्वतः उभा केलेला आणि निंटेंडोत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा दुसरा माणूस नव्हता. निंटेंडोच्या बाजूने हेच काम इवाता करत. २००२ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०१५ मध्ये, ‘पोकेमॉन गो’ जाहीर होण्याच्या दोन महिने आधी, त्यांचे निधन झाले. इशिहारांचा जन्म १९५७ चा. त्यांच्यानंतर अध्यक्ष कुणाच्या घरातून यावा यावर तिन्ही मालकांचे एकमत व्हावे लागेल, आणि त्या वेळी ३२ टक्के ही संख्या पहिल्यांदाच बैठकीत मोठ्याने उच्चारली जाण्याची शक्यता आहे.